हेअर पॅचची सर्व्हिस घरी: कड सुटते ती टेपमुळे नव्हे

प्रश्न थोडक्यात असा. वय ३४, रोज कल्याणहून ठाण्याला लोकल, स्टेशनपर्यंत बाइक. दोन वर्षांपासून टकलावर आठ बाय सहा इंचांचा फ्रंट लेस पॅच, म्हणजे पुढची कड बारीक जाळीची असलेला केसांचा तुकडा, दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपवर लावलेला. दर वीस दिवसांनी सर्व्हिसचे, म्हणजे पॅच काढून, धुऊन पुन्हा लावण्याचे, १२०० रुपये. पावसाळ्यात पुढची कड चौथ्या-पाचव्या दिवशीच सुटते, कपाळाच्या रेषेवर खाज येते. सलूनवाले म्हणतात, कडक ग्लूवर या. हे सगळं घरी, स्वतःच्या हाताने करता येईल का?

येईल. वर्षाचे २१ हजारांच्या वर तुम्ही फक्त काढण्या-लावण्याचे देताय. त्यातले बरेचसे वाचतील, सगळे नाही. ते का, ते शेवटी सांगते. आधी कडक ग्लूचं बोलू. मी पुण्यात पुरुषांचे पॅच आणि बायकांचे टॉपर, म्हणजे विरळ केसांवर बसवायचे केसांचे तुकडे, दोन्ही बसवते, आणि कड सुटते म्हणून येणाऱ्या दहापैकी आठ जणांच्या डोक्यावर टेप चांगलीच असते. टेपच्या खाली जे राहिलेलं असतं, ते नडतं. जुन्या टेपचा चिकटा, डोक्याचं तेल, किंवा नीट न सुकलेली त्वचा. यातलं काहीही असेल तर कितीही महागडी टेप लावा, ती त्वचेला चिकटत नाही, त्या थराला चिकटते, आणि तो थर घामाबरोबर निघून येतो. तुमच्या कडेला दुसऱ्या आठवड्यात पांढरट लगदा जमतो का बघा. जमत असेल तर हेच होतंय. अशा वेळी जालीम ग्लू लावला की तो निघताना लेस फाटते आणि कपाळाची सालं निघतात, एवढाच फरक.

सामान फार नाही. टेपचे दोन प्रकार ठेवा. लेसला निळ्या कागदाची टेप, म्हणजे ज्याला सगळे लेस फ्रंट सपोर्ट म्हणतात ती: चमकत नाही आणि साफ करायला सोपी. बाजूच्या आणि मागच्या पॉलीच्या, म्हणजे पातळ प्लास्टिकसारख्या, पट्टीला अल्ट्रा होल्डसारखी जास्त धरणारी चालते. ती चिकटाही जास्त सोडते, म्हणून ती लेसवर नको. रिमूव्हर लिंबूवर्गीय तेलाचा, सी-२२ सारखा. केमिस्टकडे मिळणारं ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल. स्काल्प प्रोटेक्टर, म्हणजे टेपखाली त्वचेवर लावायचा संरक्षक द्रव. झिरो ट्रिमर. रुंद दातांचा कंगवा, शेपटीचा कंगवा, मऊ केसांचा जुना टूथब्रश, धुवून धुवून विरलेलं मलमलचं फडकं. कापूस घेऊ नका. त्याचे तंतू लेसच्या जाळीत अडकतात आणि पुन्हा तेच, टेप तंतूंना चिकटते. हातात धरायचा आरसा लागेल, कारण मागची कड बेसिनच्या एका आरशात कधीच दिसत नाही.

जागेबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगते. पुष्कळ जण घरच्यांपासूनही लपवतात आणि बाथरूमची कडी लावून हे करतात. अल्कोहोल, ॲसिटोन आणि बरेचसे रिमूव्हर पेट घेतात. बंद बाथरूम, वर चालू गॅस गीझर आणि हातात स्प्रे, हे करू नका. स्वयंपाकघर नको, देवघरापाशी निरंजन तेवत असेल तिथेही नको. खिडकी उघडी, पंखा चालू, सिगारेट नाही. बायकोला माहीत असेल तर पहिल्या काही वेळा तिला मागची कड बघायला उभं करा. लाजण्यासारखं काही नाही त्यात.

वेळ निवडताना शनिवारी रात्री काढायचं आणि रविवारी सकाळी लावायचं, असं धरा. सलूनमध्ये तासाभरात होतं, कारण पुढचा गिऱ्हाईक थांबलेला असतो. घरी असण्याचा खरा फायदा हाच की डोकं रात्रभर मोकळं राहतं. निम्मी खाज त्यानेच जाते.

काढताना घाई केली की पॅचचं आयुष्य जातं. केस क्लिपा लावून मागे घ्या. पुढच्या लेसवर वरून रिमूव्हर मारा, जाळीतून तो आपोआप खाली उतरतो. पॉलीच्या कडेला मात्र वरून मारून उपयोग नाही, पॉलीतून काही आत जात नाही. तिथे शेपटीच्या कंगव्याने कड किंचित उचलून खाली दोन थेंब सोडायचे. मग एक-दोन मिनिटं काहीच करायचं नाही. पॅच हलवल्यावर स्वतःहून घसरायला लागला पाहिजे. ओढावा लागतोय म्हणजे अजून रिमूव्हर हवा. डोळ्यांत ओघळू नये म्हणून भुवयांच्या वर फडकं धरा, हे मिश्रण डोळ्याला भयंकर झोंबतं.

आता साफसफाई. माझ्या मते सगळं काम इथेच आहे, चिकटवणं हा नंतरचा पाच मिनिटांचा भाग. पॅच उलटा करून टेपवर पुन्हा रिमूव्हर मारा आणि टेपचं टोक सुटलं की ती बेसला, म्हणजे केस बांधलेल्या जाळी-पट्टीला, समांतर ठेवून ओढा, उभी वर नाही. पॉलीवरची टेप एका तुकड्यात येते. लेसमध्ये चिकटा भोकांत बसलेला असतो. बोटाने घासला तर तो आणखी आत जातो. तेवढाच पुढचा भाग वाटीतल्या रिमूव्हरमध्ये दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवा, मग फडक्यावर लेस आडवी ठेवून टूथब्रशने एकाच दिशेने हलकेच टिपा. उजेडाकडे धरून बघा. भोकं आरपार मोकळी दिसली पाहिजेत. एखादी चकाकणारी जागा राहिली तर कड पुढच्या वेळी नेमकी तिथूनच सुटणार. ॲसिटोनने हे दोन मिनिटांत होतं असं तुम्हाला कुणीतरी सांगेल. तुमच्या पॅचला पॉलीची पट्टी आहे, ॲसिटोनने ती खराब होते. नको.

एक गंमत सांगून ठेवते, कारण पहिल्यांदा घरी करणारा यात हमखास सापडतो. पॅच ठेवायला सगळे थर्माकोलचं डोकं आणतात. लिंबूवर्गीय रिमूव्हर थर्माकोल विरघळवतो. ओला पॅच त्यावर ठेवलात तर त्या थर्माकोलला खड्डा पडेल आणि तो चिकट लगदा तुमच्या लेसला बसेल. पॅच धुऊन झाल्यावरच थर्माकोलवर. तोवर उपडा तांब्या उत्तम.

रिमूव्हर स्वतः तेलकट असतो, हे लोक विसरतात. नुसत्या पाण्याने तो जात नाही. सौम्य शाम्पू कोमट पाण्यात मिसळून बेस दोनदा धुवायचा, पाणी केसांच्या मुळाकडून टोकाकडे सोडायचं, चोळायचं नाही, पिळायचं नाही. कंडिशनर फक्त लांबीला. बेसवर कंडिशनर गेला की दोन नुकसानं: टेप धरत नाही, आणि केस ज्या गाठींनी जाळीत बांधलेले असतात त्या सैल पडून केस गळायला लागतात. टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि पंख्याखाली वाळू द्या. पावसाळ्यात रात्रभर लागतो.

बोअरचं पाणी असेल तर शेवटचं धुणं तरी पिण्याच्या पाण्याने करा. जड पाण्यातल्या क्षारांनी पॅचचे केस महिन्याभरात काथ्यासारखे होतात आणि दोष पॅच विकणाऱ्याला जातो. अर्थात तोही अगदी निर्दोष नसतो. पॅचचे केस बहुतेक माणसाचेच असतात, बरेचसे भारतातले. तिरुपती देवस्थान अर्पण केलेल्या केसांचा लिलाव करतं हे सर्वांना ठाऊक आहे, आणि गाठी मारण्याचं मोठं काम चीनमधल्या छिंगदाओ भागात होतं. पण स्वस्त मालात केसांवरचा नैसर्गिक खवल्यांचा थर आम्लाने काढून वर सिलिकॉन चढवलेलं असतं. ते काही धुण्यांत उतरतं आणि मग खालचा खरा केस दिसतो. म्हणून नवा पॅच रेशमी लागला म्हणून हुरळू नका, दुसऱ्या महिन्यात कसा लागतो ते बघा.

आता तुमचं डोकं. रिमूव्हरने त्वचेवरचा चिकटा काढा, मग कंडिशनर नसलेल्या साध्या शाम्पूने दोनदा धुवा. रात्रभर मोकळं. सकाळी पॅचखालची जागा ट्रिमरने झिरो करा. रेझर नको, किमान त्याच दिवशी नको. त्वचेला बारीक काप गेल्यावर अल्कोहोल आणि टेप म्हणजे खाजेला आमंत्रण. मग अल्कोहोलने पुसा, दोन वेगवेगळ्या घड्यांनी. पहिल्या घडीवर पिवळसर डाग आला तर तेल अजून होतं. दुसरी कोरी आली की थांबा. स्काल्प प्रोटेक्टरचा पातळ हात, आणि तो पूर्ण सुकू द्या.

हे सुकणंच कल्याण-ठाण्याच्या जुलैमध्ये चुकतं. हवेत इतका ओलावा असतो की त्वचा कोरडी वाटते, पण नसते. तुम्ही आंघोळ करून आलात, अंग अजून गरम आहे, कपाळावर नकळत घाम सुटतोय आणि तुम्ही टेप दाबताय. तुमची चौथ्या दिवशीची कथा पहिल्याच दिवशी इथे सुरू होते. आंघोळीनंतर किमान अर्धा तास पंख्याखाली बसा. एसी असेल तर त्याच खोलीत लावा. चहा नंतर प्या. खरंच, गरम चहा घेतला की टाळूला घाम फुटतो.

टेप बेसला लावायची, डोक्याला नाही. पुढच्या लेसला वक्र तुकडे, कडेपासून दोनेक मिलिमीटर आत. बाहेर आली तर धूळ धरते आणि काळी रेघ दिसते. दोन तुकड्यांमध्ये अगदी बारीक फट ठेवा म्हणजे घामाला वाट मिळते. एकावर एक चढवू नका, तिथे उंचवटा होतो आणि तिथूनच सुटतं. वरचा कागद काढायच्या आधी पॅच नुसता डोक्यावर ठेवून जागा ठरवा. रेषा किती पुढे याचा अंदाज: भुवया वर उचला, कपाळाच्या आठ्या जिथे संपतात त्याच्या वरती. दोन भुवयांच्या मध्यापासून साधारण चार बोटं. सगळे हौशी लोक एक बोट खाली आणतात, तरुण दिसायला. त्यानेच पॅच ओळखू येतो. पुढच्या वेळी सलूनमध्ये नीट बसवून घ्याल तेव्हा समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा, आणि तेवढ्या जागेवर आयब्रो पेन्सिलीने तीन ठिपके द्या: मध्य आणि दोन्ही कानशिलं.

मग पॅच मागे अर्धा दुमडून फक्त पुढचा मध्यबिंदू टेकवा, तिथून दोन्ही कानशिलांकडे जा, आणि शेवटी मागे सोडत न्या. ताणू नका. ताणलेली लेस मूळ जागी यायला बघते आणि कड घेऊन येते. ही टेप दाबावर चिकटते. नुसती टेकवून भागत नाही. कंगव्याची पाठ कडेवर ठेवून प्रत्येक भाग अर्धा मिनिट दाबा. नंतर पूर्ण दिवस डोक्याला पाणी नाही, जिम नाही, जमलं तर बाइक नाही, म्हणजे हेल्मेटही नाही. रविवार म्हणूनच.

तरीही ग्लूवर जायचं असेल तर काय? घोस्ट बाँडसारखा पाण्यावर आधारलेला ग्लू लावताना पांढरा असतो आणि सुकल्यावर पारदर्शक होतो. तीन-चार अगदी पातळ थर द्यायचे, प्रत्येक थर पूर्ण पारदर्शक झाल्यावरच पुढचा. जाड थर दिला तर वरून सुकतो, आत दुधट राहतो. ओल्या हवेत एकेका थराला दुपटीने वेळ लागतो, म्हणून पावसाळ्यात तुमच्यासाठी मी टेपच म्हणेन. फार तर पुढच्या दोन इंचांना ग्लू, बाकी टेप. नवीन ग्लू किंवा टेप कुठलीही असो, आधी दंडाच्या आतल्या बाजूला छोटा ठिपका लावून दोन दिवस ठेवा. काही ग्लूमध्ये रबराचा चीक (लेटेक्स) असतो, फुग्याने किंवा हातमोज्याने ज्यांना पुरळ येतं त्यांनी डबीवरचं वाचल्याशिवाय घेऊ नये.

खाजेचं तुम्ही एका ओळीत लिहिलंय, पण मला ती जास्त महत्त्वाची वाटते. लावताक्षणी चुरचुर होत असेल तर अल्कोहोल पुरतं उडालेलं नसतं किंवा त्वचा छिललेली असते. ते वरच्या पद्धतीने थांबेल. लावल्यानंतर एक-दोन दिवसांनी टेपच्याच आकारात लाली, खाज, पाणी सुटणं असं होत असेल तर ती टेपमधल्या ॲक्रिलेटची ॲलर्जी असू शकते. मग कंपनी बदलून फारसा फरक पडत नाही, कारण घटक तोच असतो. पांढऱ्या तोंडाच्या पुळ्या म्हणजे बहुधा केसांच्या मुळाशी जंतुसंसर्ग. गोल, कडेला लाल आणि खवले असलेला चट्टा म्हणजे बहुतेक नायटा. त्यावर मेडिकलमधून कुणाच्या सांगण्याने ट्यूब आणून लावू नका. त्यातल्या स्टेरॉइडने चट्टा आठवडाभर शांत दिसतो आणि मग पसरतो. या तिन्ही बाबतींत पॅच काढायचा आणि त्वचारोगतज्ज्ञाला दाखवायचं, डोक्यावर पॅच असतो हे सांगून. टोपी घालून गेलात ऑफिसला आठ दिवस तर काही बिघडत नाही. मधुमेह असेल, जखम लवकर भरत नसेल, किंवा नुकतंच केसांचं ट्रान्सप्लांट झालं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय चिकटवण्याचा प्रकार करूच नका.

मिनॉक्सिडिल, म्हणजे केस वाढवायचं औषध, लावत असाल तर तेही सांगते: द्रावण टेपचा काळ आहे. पॅच काढून ठेवलेल्या रात्री, किंवा फक्त बाजूच्या केसांत, कडेपासून लांब.

रोजच्या वागण्यात तेल हा पहिला शत्रू. आई म्हणते म्हणून बाजूच्या केसांना खोबरेल लावलं की ते संध्याकाळपर्यंत पॉलीखाली पोचतं. दिवाळीत अभ्यंगस्नान चुकवायचं नसेल तर आदल्या रात्री पॅच काढा, मोकळ्या टाळूला मनसोक्त तेल-उटणं होऊ द्या, दोनदा शाम्पू करा आणि दुसऱ्या दिवशी लावा. सर्व्हिसचा दिवसच तिथे आणा. रंगपंचमीला जुना पॅच घाला; प्रक्रिया केलेला केस रंग पितो आणि सोडत नाही, आणि लेस गुलाबी झाली की कपाळावर दिसते. म्हणून जुना पॅच कधी टाकू नका. जमलं तर दोन पॅच आलटून पालटून वापरा: एक डोक्यावर, एक धुऊन वाळत. चेहऱ्याचं क्रीम, सनस्क्रीन कडेपासून बोटभर खाली थांबवा. हेल्मेटखाली पातळ सुती टोपी, आणि हेल्मेट सरळ वर उचलायचं, मागे ओढत नाही. पावसात भिजलात तर ऑफिसात पोचल्यावर टिश्यू दाबून मुळं कोरडी करा. ओल्या पॅचवर पुन्हा हेल्मेट घातलं की जो वास येतो तो शाम्पूनेही लवकर जात नाही. बॅगेत टेपचे दोन तुकडे आणि अल्कोहोलचे दोन स्वॅब असू द्या. कड सुटली तर तेवढीच पुसून, वाळवून लावा. पावडर, फेव्हिक्विक, घरातला डिंक, काही नाही.

टेपऐवजी धातूच्या क्लिपांनी पॅच लावणाऱ्या मित्राने विचारलं तर त्याला सांगा की एमआरआयच्या आधी पॅच काढावाच लागतो. लाजेपोटी न सांगणारे आहेत.

रंग उन्हाने तांबूस होतोच. घरी अमोनिया नसलेला रंग फक्त लांबीला, मुळापासून इंचभर दूर, बेसला अजिबात न लावता. मेंदी नको, बेस कायमचा केशरी होतो. पॅचमधले पांढरे केस बहुधा कृत्रिम धाग्याचे असतात, ते रंग घेत नाहीत आणि गरम मशीनने आखडतात.

आणि कात्री. पॅचच्या केसाला घरी कात्री लावायची नाही; तो पुन्हा वाढत नाही. तुमचे बाजूचे केस मात्र महिन्याला सेंटिमीटरभर वाढतात आणि वीस-पंचवीस दिवसांत पॅचशी त्यांचा मेळ तुटतो. सलून पूर्ण सुटत नाही ते यासाठी. काढणं-धुणं-लावणं घरी करा, पावसाळ्यात दर दहा-बारा दिवसांनी, एरवी दोन आठवड्यांनी. वीस दिवस ताणू नका, त्वचेसाठीही नाही. दीड-दोन महिन्यांतून एकदा सलूनमध्ये जाऊन बाजूची कटिंग आणि ब्लेंडिंग करून घ्या; मधल्या काळात ओळखीच्या न्हाव्याकडून फक्त कल्ले आणि मान साफ करून घ्या, पॅचजवळ मशीन नेऊ नको असं आधी सांगून. नवा पॅच पहिल्यांदा कापून बसवणं तर कधीच घरी नाही. पुढच्या सर्व्हिसला जाल तेव्हा १२०० देऊनच बसा, पण डोळे मिटून मोबाइल बघत नाही: टेपचे तुकडे कुठे लावतात, लेस किती वेळ भिजवतात हे पाहा, आणि शेवटचं लावणं त्यांच्यासमोर स्वतः करू देतात का विचारा. जे सलून नाही म्हणेल ते बदललं तरी चालेल.